सतरा नंबर बंद

त्या कचेरीत मी सात महिने होते, आणि सातही महिने मी सगळ्यांवर संशय घेत होते. हे लिहायला मला लाज वाटत नाही. ज्यांच्या आईबापांना ओंजळीत वरून पाणी ओतून मिळालं, त्यांच्या लेकीने सरकारी माणसाच्या हसण्यावर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा कुणी करू नये. लाज वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची, आणि तीच इथे लिहायची आहे.

कचेरी अमरावतीतली. तिचं नाव घेत नाही. नाव घेतलं की लोक कचेरीला शिव्या देतात आणि आतली माणसं सुटतात. गावोगावचे जुने नकाशे, मोजणीचे कागद, हद्दीचे जबाब तिथे लाल फडक्यांत बांधून ठेवलेले असत. एका गावाचा एक बस्ता. असे बस्ते एका खोलीत भिंतीभर, थेट छतापर्यंत. त्या खोलीत पाय ठेवायची परवानगी कुणालाच नव्हती. खोलीला गजांची एक खिडकी, खिडकीच्या आत टेबल आणि टेबलामागे ते रेकॉर्ड सांभाळणारे मोठे बाबू. पन्नाशी उलटलेले, पांढरी टोपी, कानांत केस.

त्या खिडकीशी बोलायचं नसे. चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीत आपला नंबर, गाव, बस्त्याचा क्रमांक आणि एक शब्द. 'पाहू' म्हणजे खिडकीशी उभं राहून बघणार. 'काढा' म्हणजे आपल्या टेबलावर नेणार. 'पाठवा' म्हणजे अकोल्याला धाडायचा, आणि 'परत' म्हणजे परत. खाली सही. एक शब्द जास्त झाला तर चिठ्ठी माघारी. एका नव्या कारकुनाने एकदा 'कृपया काढा' लिहिलं. मोठ्या बाबूंनी ती चिठ्ठी गजांतून बाहेर सरकवली.

"कृपया नावाचा हुकूम आपल्याकडं नाई."

अकोल्यालाही अशीच एक खोली आणि अशीच खिडकी होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शिपाई सरकारी बसने लाखेचा शिक्का मारलेली थैली घेऊन इकडून तिकडे जाई आणि तिकडची घेऊन परत येई. इकडचा माणूस तिकडचा कागद मागवू शके, तिकडचा इकडचा.

माझं टेबल खिडकीच्या बाहेर. माझ्या ताब्यात नावांची वही. ज्याचं नाव वहीत त्याचीच चिठ्ठी चाले, मग तो कितीही मोठा असो. प्रत्येक नावाला एक नंबर, समोर नमुन्याची सही आणि शेवटच्या रकान्यात त्याला कोणकोणत्या तालुक्यांचे बस्ते मिळतील ते. साहेबांचा हुकूम आला की मी त्या वहीत चारांपैकी एक शब्द लिहायचा: दाखल, वाढ, कमी, बंद. नवा माणूस आला, दाखल. त्याला आणखी तालुके दिले, वाढ. काढून घेतले, कमी. गेला, बंद. माझ्या वहीतला प्रत्येक बदल कागदावर उतरून पुढच्या थैलीतून अकोल्याला जाई, म्हणजे तिथल्या यादीतही तोच बदल होई.

मी टेंपररी होते. सगळ्या कचेरीत एकटी बाई, आणि आमच्या लोकांपैकीही एकटीच. धम्म घेऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. राजापेठेत भावाकडे राहायचे. भाऊ एका छापखान्यात खिळे जुळवायचा आणि आमच्या तरुण मंडळाची पत्रकं तिथेच निघायची. माझं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण शाळेत झालं, पुढचं पत्रकांत. पत्रकाचं एक बरं असतं. त्यात आरोपी एकच असतो आणि तो पहिल्याच ओळीत सापडतो. भावाने बजावलं होतं, "तठी गेल्यावर तोंडाले कुलूप लाव." कुलूप मी लावलं नाही. एवढंच केलं की कचेरीत मुद्दाम शाळेतली मराठी बोलू लागले.

वही हातात आली त्या आठवड्यातच मला दिसलं की पुष्कळ नावं वाळलेल्या लाकडासारखी पडून आहेत. कुणी बदलून गेलेला, कुणी निवृत्त झालेला. नावं मात्र चालूच. समोर कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात एकच शब्द: 'घरी'. सतरा नंबर त्यातलाच. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन अकोल्याला राहायला गेलेले एक कारकून.

मी खिडकीशी गेले. "हे निवृत्त झाले ना?"

"झाले."

"मग नाव बंद का नाही?"

मोठ्या बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. "जित्ते हायेत ना."

"म्हणजे?"

"बंद म्हंजे नावावर लाल रेघ. जित्त्या मानसाच्या नावावर लाल रेघ मी मारत नाई बाई, आन् तुमीबी मारू नोका. मानूस वारल्याची खबर आली का मंग मारतो. हात धुऊन."

"आणि तोपर्यंत त्याच्या नंबरावर चिठ्ठी आली तर?"

"घरी बसलेला मानूस कायले चिठ्ठी पाठवन?"

मी मनात भडकले. आम्ही देव सोडले, शकुन-अपशकुन सोडले, आणि इथे सरकारी वही एका शाईच्या रंगाला घाबरते. शिवाय वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेला छापील हुकूम होता: बदली, निवृत्ती वा मृत्यू होताच नाव बंद करावे. तो हुकूम पिवळा पडेपर्यंत कुणी वाचलाच नव्हता. ही निव्वळ भोळी समजूत असेल, असं मला वाटेना. ज्या नावाच्या मागे माणूस नाही, ते नाव कुणाच्या तरी कामाचं असतं.

हिवाळ्यात एक दिवस माझी आत्या व्हरांड्यात येऊन बसली. शेंदूरजनाघाटच्या अलीकडे तिचं गाव. आमची वस्ती गावाबाहेर आणि वस्तीची विहीर त्याहून पलीकडे. वस्तीपासून विहिरीपर्यंत दोन शेतांच्या मधून गाडीवाट जायची. आमच्याकडे तिला पांदण म्हणतात. त्या पांदणीच्या एका अंगाला एका बड्या असामीचा संत्र्याचा बगीचा होता.

"पांदण बुजवली व त्यानं," आत्या म्हणाली. "बोरीच्या काट्याचा कुप टाकला अन् मंधात संत्र्याची रोपं लावली. उंदीरबी जात नाई आता."

"मग पाणी?"

"नाल्यातून जातो. उतरा अन् चढा. धाकल्या जाऊचा पाय मुरगळला, थे खाटेवर हाये. अन् तो म्हनते, अठी पांदण कधी नोतीच. माह्या बांधा-धुऱ्यावरून जात होत्या, मी जाऊ देत होतो. उपकार केले म्हने त्यानं आमच्यावर!"

तालुक्याच्या साहेबापुढे पेशी, म्हणजे सुनावणी, लागली होती. तीन आठवड्यांनी, सोमवारी. साहेबाने स्वच्छ सांगितलं होतं की जुन्या मोजणीच्या नकाशात पांदण असेल तर कुप निघेल, नकाशा आला नाही तर कुप राहील. आत्याने नकाशाच्या नकलेसाठी अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: बस्ता बाहेर. कुणी नेला? सतरा नंबर. कुठे आहे? अकोला.

घरी बसलेल्या माणसाने चिठ्ठी पाठवली होती तर! खाली सहीसुद्धा होती. मी खिडकीच्या गजांना धरलं.

"हा बस्ता परत कधी येणार?"

"येईन. पेशीच्या आंधी येईन."

"आजच का मागवत नाही?"

"बाई, तुमी नावं सांबाळा. बस्ते मी सांबाळतो."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

आणि अजून बरंच होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एकतीस नंबरचा कारकून बसायचा. तरणाबांड, केसांना तेल, सगळ्यांशी गोड. तो त्या बगीचावाल्याचा सख्खा भाचा होता आणि ते तो लपवतही नसे. मामाच्या बगीचातली संत्री आणून प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवायचा. माझ्याही टेबलावर. मी ती तशीच सुकू द्यायचे. "बाई, आत्याबाईचं झालं का काम?" असं तो रोज विचारायचा, जणू स्वतःचीच आत्या. पण त्याच्यापेक्षा माझं लक्ष मोठ्या बाबूंवर होतं. भाचा काय, उघड शत्रू. एका दुपारी राजापेठेतल्या एका चहाच्या दुकानात मी मोठ्या बाबूंना आणि त्या बगीचावाल्याला एका बाकावर पाहिलं. मोठे बाबू बशीत चहा ओतून पीत होते आणि तो कानाशी लागून बोलत होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला संत्र्यांची टोपली बांधलेली होती.

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. 'बस्ताचोरांना जाब विचारा.' दोन पानं एका बैठकीत. भावाने उभ्यानेच वाचलं.

"खिळे जुळवतो मी. पण 'चोर' हा शबूद लावत नाई. पुरावा आन."

"टोपली पाहिली मी!"

"टोपली पाह्यली. बस्ता पाह्यला काय?"

भावालाही मी त्या आठवड्यात संशयितांच्या यादीत घातलं.

पुरावा कसा आणायचा, ते मला वहीनेच सुचवलं. सतरा नंबर बंद केला की त्याच्या आडून खेळणारा माणूस उघड्यावर येईल. बस्ता परत मागवायचा तर त्याला स्वतःच्या नावाने मागवावा लागेल, आणि मग मी त्याला वहीत पकडीन. हुकूम तर पुठ्ठ्यावर चिकटवलेलाच होता. बुधवारी दुपारी मोठे बाबू घरी जेवायला गेले असताना मी लाल शाईची दौत उघडली आणि पट्टी लावून 'घरी' बसलेली सगळी नावं एका दमात छाटली. सतराव्या नावावर रेघ जरा जाड ओढली. बदलांचा कागद तयार केला आणि शुक्रवारच्या थैलीसाठी ठेवून दिला. मला फार बरं वाटलं. पहिल्यांदाच त्या कचेरीत मी काहीतरी केलं होतं.

मोठे बाबू आले, वहीवर ओणवले. ओली रेघ चमकत होती.

"सतराबी?"

"हो. हुकूम आहे."

"त्याच्या नावावर कायी बाहेर हाये काय, पाह्यलं होतं?"

"पाहिलं होतं. म्हणूनच बंद केलं."

ते खोलीत गेले, खुर्चीवर बसले आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सापडला.

शुक्रवारी त्यांनी सतरा नंबरच्या नावाची, बस्ता परत मागवणारी चिठ्ठी घाईने त्याच थैलीत घातली. माझा बदलांचा कागदही त्यातच होता. मंगळवारी अकोल्याहून उत्तर आलं, तेही तीन ओळींत: सतरा नंबर बंद. चिठ्ठी ग्राह्य नाही. बस्ता बेवारशी फळीवर ठेवला आहे.

मी ते दोनदा वाचलं. बस्ता ज्याच्या नावावर गेला, त्याच्याच नावावर तो परत फिरतो, हा नियम होता. नावच उरलं नाही तर बस्त्याला मालक उरत नाही. आणि बेवारशी फळीवरचा कागद उन्हाळ्यात मोजदादीच्या वेळी दोन अंमलदारांच्या समोर उघडतात, तोवर त्याला कुणी हात लावत नाही. पेशी येत्या सोमवारी होती.

बुधवारी सकाळी मोठ्या बाबूंनी खिडकीतून बोट वाकवून मला बोलावलं. भाचा चहाला गेला होता. तारेला टोचलेल्या जुन्या चिठ्ठ्यांतून त्यांनी तीन काढून गजांशी धरल्या. तिन्हींवर आत्याच्या गावाचं नाव, 'काढा', आणि खाली एकतीस नंबर.

"एका महिन्यात तीन खेप नेला यानं तुमच्या आत्याचा बस्ता. तिसऱ्या खेपेले परत आला तवा फडक्याची गाठ माही नोती. नकाशाच्या घडीले एका बाजूनं नखभर फाटलं होतं. चौथ्या खेपेले काय झालं असतं?"

"मग द्यायचा नव्हता त्याला!"

"बरोबर चिठ्ठी आली का मले द्याच लागते. त्याच्या नावासमोर तो तालुका लिवलेला हाये. कोनी लिवला?"

त्यांनी मला वही उघडायला लावली. एकतीस नंबर, शेवटचा रकाना: वाढ. अक्षर माझं होतं. माझ्या पहिल्याच आठवड्यात साहेबांचा हुकूम आला होता आणि मी तो झोकात, वळणदार अक्षरात उतरवला होता. कुणासाठी, कशासाठी, विचारलंही नव्हतं.

"म्हनून मी बस्ता अकोल्याले काढून देल्ला," मोठे बाबू म्हणाले. "सतरा नंबरच्या नावावर. चिठ्ठी त्यायनंच सही करून पाठवली. पेशीच्या आंधीच्या शुक्रवारच्या थैलीत येईन असा मागवनार होतो, म्हंजे याच्या हाती एकबी दिवस लागला नसता. घरी बसलेल्या मानसाचं नाव कधीमधी असं कामी येते."

"मले काहून नाही सांगतलं?" माझी शाळेतली मराठी गळून पडली.

"तुमचं टेबल त्याच्या टेबलाले लागून. अन् तुमचा आवाज, बाई, बडनेऱ्याले आयकू येते."

"अन् ती टोपली?"

"संत्री घेतली. गोड होती. बस्ता देल्ला नाई."

खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. माणूस दोन्हीकडून खात असू शकतो. नकाशा आधीच फाडून झाला असेल आणि आता सगळं खापर माझ्या लाल रेघेवर फुटणार असेल, असंही मनात आलं. पण विश्वास असो नसो, बस्ता अकोल्यात होता आणि आत्या नाल्यातून पाणी आणत होती. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि गुरुवारी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली.

सतरा नंबरचं घर दोन खोल्यांचं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी कचेरीचं नाव सांगताच तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"तूच काय व थे रेघवाली?"

अकोल्याच्या खिडकीवरून खबर घरापर्यंत पोचली होती. आतून आवाज आला, "येऊ दे. मी मेलो नाई हे पाह्याले आली असंन."

ते खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. उजवा हात थोडा थरथरत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पांदण, पेशी, रेघ. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "आत्या कोन्या वस्तीतली?"

"बौद्धांच्या," मी म्हणाले आणि वाट पाहिली.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने पितळेच्या पेल्यातून पाणी आणून दिलं. मी प्याले, आणि पेला ती कुठे ठेवते ते पाहत राहिले. तिने तो फळीवर बाकीच्या पेल्यांत ठेवला. तरी मला वाटलं, मी गेल्यावर घासेल. घासला की नाही, मला माहीत नाही.

"तुमी सही का केली?" मी विचारलं. "तुमचा काय संबंध?"

"त्या गावची मोजणी झाली तवा मी नवा होतो. नकाशाची नक्कल माह्या हातची हाये. पांदण मी काढेल हाये, शाईनं. आता तो म्हनते पांदण नोतीच. म्हंजे मी काय खोटं काढलं?"

हे कारण मला पटलं. आमच्यावरच्या दयेचं कारण दिलं असतं तर पटलं नसतं.

मार्ग त्यांनीच सांगितला. ज्याने नाव बंद केलं त्यानेच त्याच्यापुढे 'चुकीने बंद केले' असा शेरा लिहून सही केली, तर बाहेर असलेला कागद परत येईपर्यंत तो नंबर चालतो. इतक्या वर्षांत असा शेरा त्यांनी एकदाच पाहिला होता.

"पन तो शेरा वहीत ऱ्हाते. साहेब पाह्यते. टेंपररी ना तुमी?"

"हो. दुसरा रस्ता?"

"उन्हाळा."

बायकोने त्यांचा कोट आणला. काळा, कोपरावर ठिगळ लावलेला. "रेघ पुसल्याबिगर घरी येऊ नोका," ती त्यांना म्हणाली. मला काही म्हणाली नाही.

अकोल्याच्या खिडकीत माझ्याच कागदावरून उतरवलेली यादी होती. मी लेखणी घेतली. गावच्या गाव धिक्कारून टाकणारी पत्रकं मी लिहिली होती, एका बैठकीत, खाडाखोड न करता. पण तीन शब्द लिहायला मला किती वेळ लागला! 'हुकुमाप्रमाणे' असा एक शब्द आधी घालावा, असं फार वाटत होतं. तो खोटाही नव्हता. खिडकीतल्या बाबूने बोटाने टेबलावर टकटक केली. मी 'चुकीने बंद केले' लिहिलं आणि सही केली. सतरा नंबरांनी थरथरत्या हाताने चिठ्ठी लिहिली: गाव, बस्ता, 'परत'. बाबूने नमुन्याची सही आणि ही सही शेजारी शेजारी धरून बराच वेळ न्याहाळली.

"हात हालते आता," सतरा नंबर म्हणाले. "मानूस तोच हाये."

बाबू हसला आणि बेवारशी फळीवरून बस्ता काढला. लाल फडकं, वर गाठ. मी म्हणाले, आत नकाशा आहे का एवढं पाहू द्या. माझ्याकडे नंबर नव्हता. बाबूने नुसती नकाराची मान हलवली आणि बस्ता थैलीत घालून लाख वितळवायला घेतली.

रात्री एका ओळखीच्या घरी राहिले. शुक्रवारी दुपारी शिपायाच्या परतीच्या बसमध्ये, त्याच्या मागच्या बाकावर बसले आणि अमरावतीपर्यंत त्या थैलीवरून नजर हलवली नाही. शिपाई कंटाळून म्हणाला, "बाई, झोपा थोडं. मी खाऊन नाई टाकत कागदं." त्याच्यावरही माझा संशय होताच.

शनिवारी मी वहीत तोच शेरा पुन्हा लिहिला. मोठ्या बाबूंनी बस्ता माझ्यासमोर, गजांच्या आत, सोडला. नकाशा होता. घडीला एका बाजूला नखभर फाटलेलं, बाकी धड. दोन शेतांच्या मधून दोन समांतर रेघा वस्तीपासून निघून एका लहान वर्तुळाशी थांबत होत्या. ते वर्तुळ म्हणजे आमची विहीर. नक्कल करणाऱ्याने दुपारपर्यंत नक्कल हाती दिली. शेजारच्या टेबलावर भाच्याने संत्रं सोलायला घेतलं होतं. ते अर्धं सोडून तो उठला आणि बाहेर गेला.

सोमवारी पेशी झाली. बगीचावाल्याचा वकील बराच वेळ बोलला. साहेबाने नकलेवर बोट ठेवून विचारलं, "मग ही काय आहे?" वकील म्हणाला, पाण्याचा चर असू शकेल. साहेब म्हणाला, चर विहिरीकडे चढत नाही. कुप काढायचा हुकूम झाला.

माझा शेरा आमच्या कचेरीच्या साहेबांनी पाहिलाच. माझ्या नोकरीची मुदत संपली तेव्हा ती वाढवली नाही. कारण लिहिलं, 'नोंदींत चूक'. खोटं नव्हतं. पण एकतीस नंबराचा तालुका 'कमी' करा, असा मी लेखी अर्ज दिला होता, त्याचं काय झालं? काही झालं नाही. तो अजून तिथे आहे, त्याचं नाव चालू आहे आणि समोर माझ्या अक्षरात 'वाढ' आहे. मोठे बाबू त्याच्यावर लक्ष ठेवतात म्हणे. ठेवत असतील. ते पत्रक मात्र मी छापलं नाही. ज्याला मी पहिल्या ओळीत बसवलं होतं तो आरोपी नव्हता, आणि जो होता त्याला अधिकार माझ्याच हाताने मिळाला होता. असं पत्रक कसं लिहायचं, ते मला अजून येत नाही.

कुप काढायच्या दिवशी मी नक्कल घेऊन गावी गेले. बगीचावाल्याचे दोन गडी आले आणि त्यांनी काटे ओढून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट केली.

"झालं, मावशी. जा आता."

आत्या फटीशी गेली, आत डोकावली आणि माठ खाली ठेवून तिथेच जमिनीवर बसली.

"पांदण गाडीची हाये. मानसाची नाई."

"तुले कायले गाडी लागते व? डोक्यावर त माठ नेतं तू!"

"नकाशात गाडीची हाये. मी बसली अठी. तुमी काढा."

गडी मालकाला विचारायला गेले. आत्या बसून राहिली. तिच्यामागे वस्तीतल्या सगळ्या बाया भांडी घेऊन बसल्या. ऊन चढलं, तेव्हा गडी परत आले आणि मुकाट्याने काटे ओढू लागले. संत्र्याची रोपं मुळासकट काढून बांधावर ठेवली. आत्याने वस्तीतल्या एकाची बैलगाडी बोलावली, पुढे घातली आणि स्वतः माठ घेऊन मागे चालू लागली. चाकं दोन्ही बाजूंनी सुटसुटीत गेली. आम्ही सगळ्या ओरडत ओरडत विहिरीपर्यंत पोचलो.

तिथे गाडी अडकली. विहिरीशी गाडी वळवायला जागाच नव्हती, कारण आजवर कुणी तिथे गाडी आणलीच नव्हती. बैल सोडले, जू उचललं, सगळ्या बायांनी मिळून गाडी मागे लोटायला सुरुवात केली. मीही चाकाला हात लावला. आत्या घामाघूम, हसत, माझ्याकडे वळून म्हणाली, "तो कागद काढ व. पाह्य, गाडी वळवाची जागा त्यात कोठी देल्ली हाये. आजच मागून घेऊ."

मी चाक सोडलं आणि नक्कल उलगडली.